इतिहासाची वही

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे सावरून लिहून दिले आहे.)



वर्धापनदिन आला की समिती आम्हाला विषय देते. 'बुद्ध आणि विज्ञान', 'संविधान आणि आपण' असे मोठमोठे विषय असतात, आणि आम्ही आमच्या कुवतीप्रमाणे बोलतो. या खेपेला विषय आम्हीच मागून घेतला. नववी-दहावीच्या आपल्या पोरांचा इतिहासाचा अभ्यास मागे का पडतो, आणि तो वेळच्या वेळी पुरा व्हावा म्हणून आपण काय करायचे, एवढाच विषय आहे. एक जण म्हणाले, "अहो, वर्धापनदिनाच्या सभेत हे शिकवणीचं काय बोलता?" आम्ही म्हणालो, इथेच बोलायचे. कारण चूक आमची आहे आणि ती चारचौघांत कबूल केल्याशिवाय आम्ही सुधारणार नाही.

आपल्या विहारात एक मुलगा यायचा. नाव सांगत नाही, जाणणारे जाणतात. चौदा एप्रिलला त्याचे भाषण ठरलेले. पाचवीत होता तेव्हापासून. भाषण आम्ही लिहून द्यायचो आणि तो चार दिवसांत पाठ करायचा. चवदार तळ्याचा प्रसंग सांगायला लागला की म्हाताऱ्या बाया पदराने डोळे पुसायच्या. "पोरगं वकील व्हनार," म्हणायच्या. आम्हालाही तसेच वाटायचे. पेढे वाटले, वही-पेन बक्षीस दिले, समितीच्या फलकाजवळ त्याचा फोटो काढला.

तो दहावीत गेला. सहामाहीला इतिहास-राज्यशास्त्राच्या पेपरात त्याला चाळीसपैकी सात गुण पडले. आम्हाला पत्ता नाही. दिवाळी झाली, कारखान्यांचे गळीत हंगाम सुरू झाले. बाप ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरवर, आई तोडीला. पोरगा आधी फक्त रविवारी मोळ्या भरायला जायचा, मग आठवड्यातले दोन दिवस, मग शाळेतूनच त्याचे नाव मागे पडत गेले. अंतर्गत मूल्यमापनाचा प्रकल्प द्यायचा राहिला. तोंडी परीक्षेच्या दिवशी तो फडात होता. आम्हाला तेही ठाऊक नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आम्ही नेहमीप्रमाणे भाषणाचा कागद खिशात घालून त्याच्या घरी गेलो. ओट्यावर बसलो, पाणी प्यालो, कागद काढला. तेव्हा तो म्हणाला, "काका, मी परीक्षाच दिली नाही." आम्ही विचारले, का रे बाबा? तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "तुम्ही दर वर्षी माझ्याकडून भाषण पाठ करून घेतलं. धडा एकदाबी इचारला नाही."

कागद आम्ही परत खिशात घातला. त्या वर्षी चौदा एप्रिलला आम्ही बोललो नाही, आजारी आहे असे सांगितले. आजारी नव्हतो.

त्यानंतर आम्ही चौघे-पाच जण मिळून एक काम केले. घरोघर जाऊन आठवी ते दहावीच्या पोरांची दप्तरे उघडली. वर्गणीचे पुस्तक न घेता आम्ही दारात उभे आहोत हे पाहून काही घरांत आश्चर्य वाटले. गणिताच्या आणि इंग्रजीच्या वह्या बऱ्या होत्या, कारण त्या विषयांच्या शिकवण्या आहेत, भीती आहे. इतिहासाची वही मात्र बहुतेकांची सारखीच. पहिल्या पानावर लाल शाईने विषय, खाली नाव, मोत्यासारखे अक्षर. जूनची तारीख, पहिल्या धड्याचे दोन प्रश्न. मग एक जुलैची तारीख. त्यापुढे कोरी. मधल्या पानांवर कुठे फुलीगोळा खेळलेला, कुठे किराण्याचा हिशेब. एका घरात तर पाठच्या भावाने तीच वही मराठीला घेतली होती.

का असे होते? पोरांना इतिहासाची आवड नाही म्हणावे तर तेही खरे नाही. एक जानेवारीला भीमा कोरेगावला जायला गाडीत जागा पुरत नाही. पण आम्ही सहज विचारले, सत्याग्रहाची तारीख कोणती, मनुस्मृतीच्या दहनाची कोणती, तर पोरे एकमेकांकडे बघायला लागली. २० मार्च १९२७ आणि २५ डिसेंबर १९२७, एकाच वर्षातल्या आणि एकाच महाडच्या दोन गोष्टी. त्यांची खिचडी. १ जानेवारी १८१८ ची लढाई इंग्रजांची आणि पेशव्यांची, हे सांगता आले. पण त्या विजयस्तंभाला बाबासाहेबांनी १९२७ साली भेट दिली, आणि त्याच वर्षी पुढे महाड घडले, हा धागा कुणी जोडून दिलेला नाही. दोष पोरांचा नाही. आम्ही त्यांना घोषणा दिल्या, त्या त्यांनी दिल्या.

दुसरे कारण आम्हाला पुस्तक हातात घेतल्यावर कळले. दहावीचे हे पुस्तक २०१८ साली आले. आम्ही ते विकत आणले आणि रात्रपाळी नसेल तेव्हा वाचायला बसलो. पहिलाच धडा 'इतिहासलेखन : पाश्चात्त्य परंपरा'. त्यात व्हॉल्टेअर, हेगेल, रांके, मार्क्स, मिशेल फुको. आता सांगा, ज्या पोराने शिवाजी महाराज, फुले, बाबासाहेब एवढाच इतिहास ऐकला आहे त्याला जून महिन्यात एकदम फुको भेटला तर तो काय करील? पुस्तक मिटील. आम्हीही दोनदा मिटले. तिसऱ्या वाचनाला कळले की धडा सोपा आहे, नावे अवघड आहेत. इतिहास कशावरून लिहायचा आणि कुणाचा लिहायचा, एवढेच त्यात विचारले आहे. रांके म्हणतो मूळ कागद बघा, ऐकीव गोष्टीवर जाऊ नका. व्हॉल्टेअर म्हणतो नुसत्या लढाया आणि सनावळ्या पुरेशा नाहीत, लोकांचे रीतिरिवाज, व्यापार, शेती हेही इतिहासात धरा. हे आमच्या आजीलाही पटले असते.

आणि गंमत पुढे आहे. दुसऱ्या धड्यात 'वंचितांचा इतिहास' म्हणून भाग आहे. तिथे महात्मा फुल्यांच्या 'गुलामगिरी'चा उल्लेख आहे, जी १८७३ साली निघाली. तिथे बाबासाहेबांच्या 'हू वेअर द शूद्राज' आणि 'द अनटचेबल्स' या ग्रंथांची नावे आहेत, १९४६ आणि १९४८ सालचे हे ग्रंथ. म्हणजे ज्या माणसाच्या नावाने आपली पोरे घसा बसेपर्यंत जयजयकार करतात, त्याचे नाव इतिहासकार म्हणून शासनाच्या पुस्तकात छापलेले आहे, आणि ते पान पोराने उघडलेले नाही. आम्हीही उघडले नव्हते. बाबासाहेबांचे समग्र खंड शासनाने १९७९ पासून काढले. ते इंग्रजीत, म्हणून आम्ही खैरमोड्यांचे चरित्रखंड एकेक करून वाचले, पाळी संपल्यावर, कधी बसस्टँडवर. आम्हाला त्याचा अभिमान होता. पण दहावीचे शंभर-सव्वाशे पानांचे पुस्तक पोरांचे आहे म्हणून आम्ही त्याला हात लावला नाही. हा आमचा एक प्रकारचा गर्वच म्हणायचा.

तिसरे कारण साधे पैशाचे आहे. आठवीपर्यंत पुस्तके शासनाकडून मोफत मिळतात. नववीला ती विकत घ्यावी लागतात. घरात ओढाताण असली की गणित, विज्ञान, इंग्रजी आधी येते. इतिहासाचे "बघू नंतर, मैत्रिणीचं वाच" असे होते. मैत्रीण परीक्षेच्या आदल्या दिवशी पुस्तक देत नाही, तिचाही पेपर असतो. शिवाय इतिहास म्हणजे वाचला की येतो, त्याला काय अभ्यास, अशी एक समजूत घरात आहे आणि काही शिक्षकांतही आहे. तास मोकळा सोडायचा झाला तर तो इतिहासाचा. सगळे शिक्षक तसे नाहीत. एका शाळेतल्या बाईंनी आम्हाला स्वतः बसवून कृतिपत्रिका समजावून सांगितली. ते उपकार विसरण्यासारखे नाहीत.

चौथे कारण हंगामाचे. हे आपल्याच भागाचे. पुण्यातल्या पोराची दुसरी सहामाही आणि आपल्या पोराची दुसरी सहामाही एक नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरला मोळी टाकली की मार्च-एप्रिलपर्यंत बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांत घरेच्या घरे उसाच्या कामात असतात. कुणी तोडीला, कुणी वाहतुकीला, कुणी कारखान्यात हंगामी. रस्त्यावर रात्रभर ट्रॅक्टर. थोरली पोरगी घर सांभाळते, धाकट्यांना बघते, म्हणजे शाळा तिचीच बुडते. आणि बोर्डाची परीक्षा नेमकी फेब्रुवारी-मार्चमध्ये, हंगामाच्या भरात. कारखान्यात काम करणाऱ्याला हे सांगायला नको की ऊस तोडल्यावर तो चोवीस तासांत गव्हाणीत पडला नाही तर उतारा घटतो. तोडून बांधावर वाळत घातलेल्या उसासारखी आपली पोरे दिवाळीनंतर पडून असतात, आणि फेब्रुवारीत आपण त्यांच्याकडून साखर मागतो.

म्हणून आम्ही आधी कॅलेंडर घेऊन बसलो. पुस्तकात इतिहासाचे नऊ धडे आणि राज्यशास्त्राचे पाच, एकूण चौदा. शाळा जूनच्या मध्याला उघडते. तिथपासून ऑक्टोबर अखेरपर्यंत एकोणीस-वीस रविवार मिळतात. त्यातले पाच-सहा गणपती, नवरात्र, धम्मचक्र प्रवर्तन दिन, लग्न-मयत यांत जातील असे धरले तरी चौदा उरतात. एका रविवारी एक धडा. मोळी पडायच्या आत पुस्तक एकदा संपले पाहिजे. शाळेत कुठेही चाललेले असो, आपले आपण संपवायचे. मग हंगामात नवीन काही नाही, फक्त लिहिणे. टीपा, सकारण स्पष्ट करा, संकल्पनाचित्र, उताऱ्यावरचे प्रश्न. फडातून दमून आलेल्या पोराला नवा धडा कळत नाही, पण कळलेल्या धड्यावरची एक टीप अर्ध्या तासात लिहून होते. हे आम्ही करून पाहिले आहे म्हणून सांगतो.

पहिल्या वर्षी आम्ही फसलो, तेही सांगतो. आम्ही भाषण द्यायला लागलो. सवयच ती. पोरे माना डोलवायची, आम्ही खूश. महिन्याने लिहायला दिले तर पुन्हा कोरे. तेव्हा ठरवले की आम्ही बोलायचे पंधरा मिनिटे आणि पोरांनी लिहायचे पाऊण तास. प्रत्येकाची वही विहारात तपासायची. मागे खाकी कागदावर एक तक्ता लावला, धड्याचा नंबर आणि पोराचे नाव. धडा लिहून झाला की चौकोनात बरोबरची खूण. सलग दोन चौकोन रिकामे दिसले की सोमवारी आपल्यापैकी कुणीतरी त्याच्या घरी जायचे. रागावायला नाही, काय झाले ते बघायला. निम्म्या वेळा कळते की वही संपली आहे आणि घरात मागायची सोय नाही. दहा-वीस रुपयांवर अडलेला इतिहास असतो.

धडा गळी उतरवायला आपल्याच गावांचा उपयोग होतो, हा आमचा सगळ्यांत मोठा अनुभव. पोरांना वाटते इतिहास रायगडावर झाला, दिल्लीला झाला, आपल्याकडे फक्त ऊस झाला. राज्यशास्त्रात चळवळींचा धडा आहे, त्यात शेतकरी चळवळ आली की आम्ही सुप्याचे नाव घेतो. आपल्या बारामती तालुक्यातले सुपे, तेव्हा ते भीमथडी तालुक्यात होते. १२ मे १८७५ रोजी बाजाराच्या दिवशी तिथे कुणबी शेतकरी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चालून गेले. त्यांना हवे होते कर्जरोखे आणि हिशेबाच्या वह्या. त्या काढून त्यांनी पेटवल्या. तिथून हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या गावागावांत गेले. सरकारने चौकशीला आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला.

आता "सकारण स्पष्ट करा" म्हणजे काय, ते यावर शिकवता येते. सुप्याच्या शेतकऱ्याने वह्या का जाळल्या? पोरे म्हणतात, सावकार वाईट होता म्हणून. आम्ही म्हणतो, सावकार आदल्या वर्षी चांगला होता का? मग शोधायला लावतो. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झाले, गुलामगिरीच्या प्रश्नावर. तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, उधारी मोकळी झाली. युद्ध संपले, भाव कोसळले. त्यात सरकारने सारा वाढवला. कर्ज फिटेना, जमीन सावकाराच्या नावावर, आणि शेतकऱ्याला अक्षर येत नाही म्हणून कागदावर काय लिहिले आहे तेच कळत नाही. अमेरिकेतल्या काळ्या गुलामांच्या मुक्तीची लढाई आणि सुप्याचा बाजार यांचा असा संबंध लागतो हे कळल्यावर एक पोरगा म्हणाला, "काका, म्हंजी अंगठा लावायचा नाही हेच ना?" परीक्षेच्या उत्तरात हे वाक्य चालणार नाही, पण प्रश्न त्याला कळला होता. त्याच्या उत्तरात पुढे चार कारणे आली, क्रमाने आली.

त्याच्यापुढचे पान आपल्या दारातून वाहते. १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ, त्यानंतर १८८० च्या दशकात नीरा डावा कालवा. कालव्याच्या पाण्यावर ऊस आला. १९३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात वालचंदनगरची साखर कारखानदारी उभी राहिली. स्वातंत्र्यानंतर सहकारी कारखाने निघाले. कालव्याखालची बागायत आणि पाण्याविना जिरायत अशी एकाच तालुक्याची दोन नशिबे झाली. आपल्यातल्या कितीजणांची जमीन कालव्याखाली आहे, हे पोरांना मोजायला सांगितले. बोटे फार लागली नाहीत. मग वतनाकडे यावेच लागते. महार वतनाच्या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. ही वतने कायद्याने गेली ती १९५८ च्या कायद्याने, म्हणजे त्यांच्या परिनिर्वाणानंतर. घरात जुनी पत्र्याची पेटी असेल तर बघा, असे आम्ही पोरांना सांगितले. एका पोराने आजोबांच्या पेटीतून वतनाच्या जमिनीसंबंधीचा मोडीतला कागद आणला. तो आम्हाला वाचता आला नाही. पण त्या दिवशी 'लिखित साधने' हा शब्द कुणाला पाठ करावा लागला नाही.

भौतिक साधनांसाठी पळसदेव आहे. उजनी धरण १९८० ला पुरे झाले तेव्हा भीमेकाठची इंदापूर तालुक्यातली गावे पाण्यात गेली. पळसदेवचे जुने मंदिर उन्हाळ्यात पाणी ओसरले की वर येते. पोरे तिथे गेली, फोटो काढले. 'ऐतिहासिक ठेव्यांचे जतन' हा नववा धडा तिथे काठावर बसून वाचला. विस्थापितांच्या घरातली दोन पोरे आपल्या अभ्यासवर्गात होती. त्यांनी सांगितले ते पुस्तकात नव्हते.

आणि मौखिक साधने तर घरात जिवंत बसलेली आहेत. नववीतल्या एका मुलीला प्रकल्प द्यायचा होता. शाळा सुटली की धाकट्या भावंडांना सांभाळणे, स्वयंपाक, त्यामुळे कुठे जाता येत नाही. रडायला लागली. आम्ही म्हणालो, जाऊ नकोस कुठे, भाकरी थापता थापता आजीला बहात्तरच्या दुष्काळाचे विचार. तिने विचारले आणि रात्री लिहून काढले. खडी कशी फोडली, हाताला फोड आले ते कसे लपवले कारण मुकादम कामावरून काढील, मजुरी काय मिळाली, सुकडी कशी खाल्ली, लाल मिलो पोरांना कसा पचत नव्हता. कामावर पाण्याचा माठ आपल्या लोकांचा वेगळा होता, हेही आजीने सांगितले. पोरीला हे ठाऊक नव्हते. तिच्या आईलाही नव्हते. आम्ही त्याला जोडून दिले की त्याच दुष्काळाच्या कामांतून पुढे रोजगार हमी योजना आणि १९७७ चा कायदा आला. तो प्रकल्प शाळेत वाचून दाखवला गेला. आजीला शाळेतले काही कळत नाही, पण आपले बोलणे वहीत उतरले म्हणून ती दुसऱ्या रविवारी नातीबरोबर विहारात येऊन बसली आणि अजून सांगायला लागली. तिला थांबवताना धडा मागे पडला. चालायचेच.

कोप्यांवरच्या पोरांचेही बोलले पाहिजे. बीड, नगरकडून तोडीला आलेली कुटुंबे आपल्या शिवारात चार-पाच महिने असतात. पूर्वी साखरशाळा चालायच्या, त्या लहान वर्गांसाठी. नववी-दहावीचे पोर कोपीवर असेल तर ते बहुतेक कोयताच धरते. त्याचे नाव तिकडच्या शाळेत, अंग इकडच्या फडात. पण पुस्तक सगळ्या महाराष्ट्राला बालभारतीचे एकच आहे. बीडच्या पोराचा पाचवा धडा आणि इंदापूरच्या पोराचा पाचवा धडा एकच. हे लक्षात आल्यावर आम्ही गेल्या हंगामात कोप्यांवर निरोप दिला. दोघे आले, नंतर एकच आला. तो कोणत्या जातीचा हे समितीतल्या एकाने विचारले. आम्ही उत्तर दिले नाही. विहाराचे दार कशाला असते, एवढेच आम्ही त्यांना विचारले. त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

समितीत आणखी एक वाद झाला तो लपवण्यात अर्थ नाही. विहार वंदनेसाठी आहे, पोरे पुस्तके पसरतात, पेनाची शाई सतरंजीवर सांडते, असे काहींचे म्हणणे. नालंदा हे महाविहारच होते आणि जगभरची माणसे तिथे शिकायला येत, एवढे आम्ही बोललो. पण खरा वाद खर्चाचा होता. जयंतीच्या मिरवणुकीच्या वर्गणीतून डीजेचे पैसे कमी करून नववी-दहावीच्या पुस्तकांचे दहा संच घ्यावेत, असे आम्ही मांडले. तरुण मंडळी नाराज झाली. शेवटी महिला मंडळाने बचत गटातून सहा संच घेतले. डीजे वाजलाच. हे आम्ही रागाने सांगत नाही, पण सहा आणि दहा यांतला फरक चार पोरांचा असतो, तेवढे ध्यानात असू द्या. दहावी पास झालेल्या पोरांनी निकालानंतर पुस्तके विहारात आणून द्यायची असा नियम आता केला आहे. ज्यांच्या घरी मोबाइल आहे त्यांना बालभारतीच्या संकेतस्थळावरून पुस्तक फुकट उतरवून दिले. पण मोबाइलवर अभ्यास किती होतो हे आपण कोरोनात पाहिले. २०२० ला शाळा बंद झाल्या, २०२१ ला दहावीची परीक्षाच रद्द झाली. त्या दोन वर्षांत जी पोरे सहावी-सातवीत होती त्यांचा लिहिण्याचा हात मोडला. अजून एक पान सलग लिहिताना त्यांची बोटे दुखतात. छापील पुस्तक आणि कागदाची वही याला आमच्यापुरता तरी पर्याय नाही.

पालकांना आमची एक विनंती आहे. तुम्हाला वाचता येत नसेल तरी वही उघडून बघता येते. लिहिलेले पान आणि कोरे पान यांतला फरक कळायला शाळा लागत नाही. आठवड्यातून एकदा बघा. पोराला माहीत असले पाहिजे की कुणीतरी बघते. आणि तोंडी परीक्षेचा, प्रकल्प द्यायचा दिवस शाळेतून विचारून घ्या. त्या एका दिवशी त्याला फडात नेऊ नका. एका दिवसाची मजुरी बुडेल, ते आम्हाला कळते. आमच्याही घरात बुडाली आहे.

आता तो मुलगा. त्याच्याविषयी सांगितल्याशिवाय आम्हाला खाली बसता येणार नाही. तो सध्या एमआयडीसीत रोजंदारीवर जातो. वर्ष गेले, तोंड चुकवायचा. यंदा जुलैच्या एका रविवारी आम्ही पहिल्या धड्यावर अडलो होतो. एका मुलीने विचारले, रांके आणि व्हॉल्टेअर यांत फरक काय, आणि आम्ही गोंधळलो. तो दारात चपला काढून उभा होता, केव्हा आला कळले नाही. म्हणाला, "काका, तुम्ही उलटं सांगताय." आणि त्याने बरोबर सांगितले. एकट्याने वाचले होते त्याने, कुठे वाचले, केव्हा वाचले, आम्ही विचारले नाही. तेव्हापासून सुट्टी असेल त्या रविवारी येतो. पोरांच्या वह्या तोच तपासतो, आमच्यापेक्षा कडक तपासतो. पुन्हा परीक्षेला बसण्याचा फॉर्म त्याने भरला आहे. फीचे पैसे त्याने स्वतःचे भरले, आमचे घेतले नाहीत. तक्त्यावर शेवटी त्याचे नाव त्याने स्वतःच लिहिले आहे. आठ चौकोन भरलेत, सहा बाकी आहेत. चौदा एप्रिलला बोलणार का, असे आम्ही विचारले नाही आणि त्यानेही विषय काढला नाही.

येत्या रविवारी नववा धडा आहे. आमची पहाटे चारची पाळी आहे, त्यामुळे आम्ही बारानंतर येऊ. नऊला वर्ग सुरू करायला दोन माणसे पाहिजेत, वाचता येणारी असली म्हणजे झाले. किल्ली महिला मंडळाकडे ठेवली आहे. ज्यांना जमेल त्यांनी सभा संपल्यावर तक्त्याजवळ नाव सांगावे.

जयभीम.